ठासणीच्या रायफलीवर दुर्बीण बसवायची आहे? आधी नळीला भोक पाडू नका

प्रश्न थोडक्यात असा. बार्शी तालुक्यातल्या एका गृहस्थांकडे वडिलांची ठासणीची रायफल आहे. टोपीवर (घोड्याच्या घावाने पेटणाऱ्या तांब्याच्या छोट्या टोपीवर) उडणारी, अष्टकोनी नळीची, अंदाजे पॉइंट ५० बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचात), जुनी इंग्रजी बनावटीची. परवाना वारसाहक्काने रीतसर त्यांच्या नावावर झालेला आहे. वय ५८. पूर्वी ५० मीटरवर गोळ्या वाटीएवढ्या गोलात बसायच्या, आता नेम धरायची मागची खाच धुरकट दिसते आणि गोळ्या विखुरतात. शहरातल्या एका वर्कशॉपवाल्याने त्यांना सांगितलं की नळीच्या माथ्यावर आणि तिच्यामागच्या लोखंडी पट्टीवर मिळून चार भोकं पाडून आटे काढतो, वर एअर रायफलची चार ते बारा पॉवरची, म्हणजे तितक्या पट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवतो, दुपारपर्यंत काम होईल. ते विचारतात, करून घेऊ का?

त्या चार भोकांना नाही म्हणा. दुर्बिणीला माझा विरोध नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमची अडचण दुर्बीण नसल्याची नाही, डोळ्यांची आहे, आणि त्या अडचणीवर दुर्बिणीहून स्वस्त, हलका आणि नळीला धक्का न लावणारा उपाय आहे. तो करून पाहिल्यावरही दुर्बीण हवीच असेल तर ती कुठे आणि कशी बसवायची, तेही सांगतो. मी सोलापुरात परवान्यावर बंदूक दुरुस्तीचं काम करतो. ठासणीच्या बंदुका आमच्याकडे नेहमी येतात, त्यातल्या रायफली मोजक्या, आणि दुर्बीण लावलेल्या त्याहून मोजक्या. पण जेवढ्या आल्या त्यांची दुखणी बहुतेक सारखीच होती.

सगळ्यात आधी एक काम करा. रायफल रिकामी आहे याची खात्री करून घ्या. कोणाच्याही हातात देण्याआधी, अगदी माझ्याही. ठासणीच्या बंदुकीत मागून उघडून बघायची सोय नसते, आणि निपलवर (टोपी बसवायच्या छोट्या पोकळ खुंटीवर) टोपी नाही म्हणजे आत दारू नाही असं अजिबात समजायचं नाही. घरोघरी खुंटीवर भरलेल्या बंदुका वर्षानुवर्षं तशाच टांगलेल्या असतात. नळीचं तोंड स्वतःपासून दूर धरून गज (दारू-गोळी ठासायची दांडी) तळापर्यंत सोडा, तोंडापाशी गजावर पेन्सिलीने खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला लावा, खूण नळीच्या तोंडाशी जुळवून. गजाचं टोक निपलच्या आसपास आलं तर नळी रिकामी. दोन-चार सेंटीमीटर अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, मग ते दारू-गोळी असो की कुणी कोंबलेला बोळा. अशी नळी ड्रिलखाली गेली तर काय होईल ते लिहायची गरज नाही. आत काही असेल तर स्वतः उपसत बसू नका, परवानाधारक कारागिराकडून काढून घ्या.

आता डोळ्यांबद्दल. साध्या माशीने (नळीवरच्या नेमाच्या खुणेला माशी म्हणतात) नेम धरताना डोळ्याला तीन अंतरं सांभाळावी लागतात. मागची खाच डोळ्यापासून साधारण ४५ सेंटीमीटरवर, पुढची माशी मीटरभर लांब, आणि निशाण ५० मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नेमका लागतो. तरुणपणी तो या तिन्हींमध्ये इतक्या चटकन फिरतो की आपल्या लक्षातही येत नाही. पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि सगळ्यात आधी जवळची वस्तू हातची जाते. तुमची मागची खाच धुरकट होते ती म्हणूनच. रायफल बिघडलेली नाही, गोळीही बिघडलेली नाही.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे खाचेऐवजी छिद्राची माशी, जिला पीप साइट म्हणतात. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं-लांबचं एकाच वेळी पुष्कळ स्पष्ट दिसतं. शिवाय छिद्राच्या मधोमध माशी आणणं हे काम डोळा आपोआप करतो, त्यासाठी वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. तुम्हाला ही गोष्ट घरबसल्या, फुकट तपासता येईल. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा घ्या, त्याला सुईने दीड मिलिमीटरच्या आसपास गोल छिद्र पाडा. तो लांबचं बघायच्या चष्म्याच्या काचेवर चिकटवा, पण काचेच्या मधोमध नको. रिकामी रायफल खांद्याला लावल्यावर नजर काचेच्या ज्या जागेतून जाते तिथे, म्हणजे वरच्या आतल्या कोपऱ्याकडे. दिवसाउजेडी करा, दिव्याच्या उजेडात नीट कळत नाही. खाच आणि माशी दोन्ही एकदम रेखीव दिसायला लागली तर तुमचं काम पीप साइटने होणार हे नक्की समजा.

छिद्रातूनही धुरकटच दिसलं तर मात्र माझ्याकडे येऊ नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. या वयात मोतीबिंदूची सुरुवात असू शकते, साखर असेल तर पडदाही तपासून घ्यावा लागतो. मोतीबिंदूचा डोळा दुर्बिणीतूनही गढूळच बघतो, फक्त मोठं करून बघतो. दुर्बिणीवर पैसे घालायचे आणि सहा महिन्यांनी ऑपरेशन झाल्यावर कळायचं की आता तिची गरजच नाही, असं व्हायला नको.

पीप साइट बसते ती मागच्या पट्टीवर, म्हणजे नळीच्या मागून दस्त्याच्या मनगटावर (मुठीत धरायच्या बारीक भागावर) जी लोखंडी शेपटी येते तिच्यावर. बहुतेक वेळा तिथला मूळ स्क्रूच वापरता येतो, फार तर लाकडात एक स्क्रू जास्त. नळीला हात लागत नाही. एक अट मात्र आहे. तुमच्या रायफलीची नळी पाचरी (नळीला लाकडात धरून ठेवणाऱ्या खिट्ट्या) काढून वर उचलली की सुटते असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तिला आकड्याचा ब्रीच (नळीचं मागचं बंद टोक) आहे: शेपटी लाकडात कायम राहते आणि नळीच्या मागचा आकडा तिच्यात अडकतो. हा सांधा घट्ट असेल तर ५० मीटरवर काही फरक पडत नाही. सांधा ढिला असेल, नळी हाताने हलवल्यावर टकटक वाजत असेल, तर शेपटीवरची माशी आणि नळी यांचं नातं दर वेळी थोडं बदलणार. मग आधी तो सांधा घट्ट करून घ्यायचा. हे काम बाकावर होतं आणि खर्चही फार नाही.

दुर्बिणीकडे वळण्याआधी अजून एक शंका दूर करू. परवान्यावर काय लिहिलंय ते बघा. एसबीएमएल लिहिलं असेल, म्हणजे एकनळी ठासणीची बंदूक, तर ती बहुतेक आतून सपाट असते. आपल्याकडे शेतकऱ्यांकडच्या बहुतेक ठासणीच्या बंदुका सपाट नळीच्याच आहेत, आणि लोक सवयीने त्यांनाही रायफल म्हणतात. रायफलीच्या नळीत आत पिळाच्या खाचा दिसायला हव्यात. नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर नळी लाकडातून सुटी करा, आत बारीक टॉर्च सोडा आणि तोंडातून तिरकं बघा. खाचा नसतील तर हा सगळा विषय इथेच संपतो. सपाट नळीतून सुटणारी गोळी ५० मीटरवर मुळातच इतकी भरकटते की दुर्बिणीने फक्त ती किती भरकटली ते जास्त स्पष्ट दिसेल.

खाचा असतील तर पिळाची गती काढा. गजाला घट्ट चिंधी लावून आत सरकवा, गजावर एक रेघ मारून ठेवा आणि ती किती फिरते ते बघा. गज आपल्या मुठीत सहज फिरू शकतो इतपतच धरा. ४८ ते ७० इंचांत एक फेरा, असा संथ पीळ चिंधीत गुंडाळून ठासायच्या गोल गोळीसाठी असतो. ३० इंचांच्या आसपास एक फेरा असेल तर ती नळी लांबट गोळीसाठी आहे. दुर्बीण कोणत्या पॉवरची घ्यायची हे यावरून ठरतं. पॉइंट ५० ची गोल गोळी म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅमचा शिशाचा गोळा. गोल असल्यामुळे हवा तिला जबर अडवते. शंभर मीटरवर पोचेपर्यंत तिचा वेग चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो, शेवटच्या टप्प्यात ती झपाट्याने खाली येते आणि आडव्या वाऱ्याने सहज सरकते. अशा गोळीसाठी ७५ मीटर हे प्रामाणिक अंतर, शंभर म्हणजे अगदी ताणून. या अंतराला बारा पॉवर काय करायची? अडीच किंवा चार पॉवर पुरते. जास्त पॉवरमध्ये तुमच्या छातीचे ठोकेसुद्धा निशाणावर नाचताना दिसतात, नजरेचा घेर आकसतो आणि संध्याकाळच्या उजेडात चित्र काळवंडतं.

ठासणीच्या रायफलीवर दुर्बीण म्हणजे काहीतरी विसंगत, असं मला वाटत नाही. विल्यम माल्कम हा कारागीर १८५५ पासून अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी रायफलीच्या दुर्बिणी बनवत होता, पाऊण इंच जाडीच्या, जवळजवळ नळीएवढ्या लांब. ब्रिटनमध्ये व्हिटवर्थच्या षट्कोनी बोअरच्या पॉइंट ४५१ रायफलीवर डेव्हिडसनची दुर्बीण लावत, आणि ती माथ्यावर नसून डाव्या बाजूला असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ मध्ये, या दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी निशाणबाजांनी वापरल्या. त्या काळच्या लोकांनी बसवण्याच्या जागेचा जो विचार केला होता तो आजही कामाचा आहे. घोडा, टोपी आणि तिची आग यांच्या वाटेत दुर्बीण येऊ द्यायची नाही, आणि तिचे दोन्ही आधार नळीवरच ठेवायचे.

हा दुसरा मुद्दा तुमच्या वर्कशॉपवाल्याच्या ध्यानात आलेला दिसत नाही. त्याने काढून दिलेल्या चित्रात, जे तुम्ही पाठवलंय, दुर्बीण धरणारी मागची कडी शेपटीवर आहे आणि पुढची नळीवर. बोल्टच्या रायफलीत, म्हणजे मागून बोल्ट सरकवून भरायच्या, हे चालतं, कारण तिथे सगळं एकसंध असतं. तुमच्या रायफलीत शेपटी आणि नळी हे दोन वेगळे तुकडे आहेत. काळ्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते, म्हणून नेमबाजी झाली की त्याच दिवशी नळी उचलून गरम पाण्याने धुवावीच लागते. दर वेळी नळी उचलायची म्हणजे दर वेळी दुर्बीण सोडायची. नळी परत बसवताना सांध्यात केसभर फरक राहिला आणि कड्या तशाच आवळल्या तर दुर्बिणीची नळी पिळवटते. दोन्ही आधार नळीवर असले तर दुर्बीण नळीबरोबरच उचलली जाते आणि धुऊन परत बसवल्यावर नेम जागेवर सापडतो.

आता भोकांचा हिशेब. ब्रीचजवळ सपाटीपासून सपाटीपर्यंत नळी २४ मिलिमीटर आहे असं तुम्ही मोजून लिहिलंय. पॉइंट ५० बोअर म्हणजे १२.७ मिलिमीटर. वजा करून निम्मे केले की एका बाजूला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास धातू उरतो. आतल्या खाचांची खोली काढली की सव्वापाच, आणि बोअर मधोमध नसेल, जे जुन्या नळ्यांत असतंच, तर एखाद्या बाजूला त्याहून कमी. यात साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू धरण्यापुरते आटे काढायचे तर किमान तीन मिलिमीटर खोल जावं लागतं, आणि ड्रिलचं टोक त्याहून थोडं पुढे. म्हणजे जिथे दारूचा दाब सगळ्यात जास्त, नेमक्या तिथे नळीची भिंत निम्म्याहून कमी करायची, तीही प्रत्येक भोकापाशी. आजच्या पोलादाच्या, कारखान्यात तपासून शिक्का मारलेल्या नळीवर अनुभवी कारागीर हे काम जागा बघून करतो, आणि पुष्कळ नव्या प्रतिकृतींत मागच्या माशीसाठी भोकं मुळातच दिलेली असतात. पण तुमची नळी जुनी आहे. ती घडीव लोखंडाची असू शकते, पट्ट्या पिळून जोडलेली असू शकते. अशा नळीत आत सांधे असतात, गंज वर्षानुवर्षं त्या सांध्यातून आत उतरलेला असतो आणि बाहेरून त्याचा मागमूस दिसत नाही. मी असल्या नळीला ड्रिल लावत नाही. डाग किंवा पितळी झाळही देत नाही, कारण त्या उष्णतेने काय बिघडलं हे कळायचा मार्ग उरत नाही.

मग भोक न पाडता दुर्बीण कशी बसवायची? तुमच्या नळीवर मागच्या माशीसाठी आडवी तिरक्या कडांची खाच आधीच कापलेली आहे. ती माशी अलगद बाहेर ठोकून काढता येते आणि जपून ठेवता येते. त्या खाचेत घट्ट बसणारी जीभ असलेला दहा-बारा सेंटीमीटरचा बैठा पाया करायचा. त्याचा तळ अष्टकोनाच्या वरच्या तीन पैलूंवर नेमका टेकला पाहिजे, म्हणजे तो डावी-उजवीकडे डुलत नाही. धक्का त्या खाचेच्या कडा घेतात. हा पाया म्हणजे नुसता धातूचा तुकडा, तो करायला रायफल कोणाच्या ताब्यात द्यावी लागत नाही. नळीच्या त्या भागाचा साचा घेऊन गेलं की पुरतं. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे टर्नर आणि फिटर आहेत, ज्यांचा हात या मापाच्या कामावर रोज बसलेला असतो. जिभेचं माप त्यांना थोडं जास्तच ठेवायला सांगा. शेवटची घासणी रायफलीवर बसवताना कानशीने, काळं लावून, जिथे टेकतं तिथेच घासत करायची. ते काम माझं.

या जागेमुळे दुर्बीण डोळ्यापासून लांब, घोड्याच्या बरीच पुढे येते, म्हणून दुर्बीणही लांबून बघायची घ्यावी लागते. नेहमीच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण दिसायला डोळा आठ-दहा सेंटीमीटरवर लागतो. तुम्हाला हवी ती २५ सेंटीमीटर किंवा त्याहून लांबून पूर्ण चित्र देणारी, जिला स्काउट दुर्बीण म्हणतात. घेण्याआधी तुमच्या खांद्यापासून खाचेपर्यंतचं अंतर मोजून न्या. एअर रायफलची दुर्बीण कमजोर असते म्हणून मी नको म्हणत नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडून बसतो आणि तो सोसणारी दुर्बीण दणकट असते. अडचण तिच्या जवळच्या नजरेची आहे. ती वापरायची तर तिला मागे, थेट निपल आणि घोड्याच्या डोक्यावर आणावी लागेल.

तिथे काय होतं ते मी जवळून बघितलंय. दुरुस्तीला आलेल्या एका रायफलीवर दुर्बीण अशीच मागे बसवलेली होती. तिच्या उजव्या बाजूला, निपलच्या बरोबर वर, काळा रंग उडून खालचं ॲल्युमिनियम खडबडीत, देवीच्या व्रणांसारखं झालं होतं. टोपी फुटली की तांब्याचे बारीक तुकडे आणि निपलमधून मागे येणारा गरम वायू दर वेळी त्याच जागी आदळायचा. आडव्या नेमाच्या बटणाचं टोपण राखेने असं गच्च झालं होतं की फिरेना. त्याहून वाईट म्हणजे दुर्बिणीखाली अंगठा शिरायला जागा नव्हती, म्हणून मालक घोडा बोटाच्या टोकाने चढवायचे. बोट घसरलं की घोडा टोपीवर. नेम, खर्च, दिसणं सगळं बाजूला ठेवा, एवढ्या एका कारणासाठीही दुर्बीण घोड्यावर येता कामा नये. आणि निपल झिजून त्याचं भोक मोठं झालं असेल तर ते आधी बदला. झिजलेल्या निपलमधून मागे येणारी आग तुमच्या चेहऱ्याकडेच येते. दुर्बीण असो-नसो, संरक्षक चष्मा लावल्याशिवाय टोपीची बंदूक उडवू नये.

दस्त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. जुन्या रायफलीचा दस्ता बराच खाली उतरलेला असतो, कारण तो नळीला चिकटलेल्या बुटक्या माशीसाठी घडवलेला आहे. दुर्बिणीचा मध्य बोअरपासून साडेचार-पाच सेंटीमीटर वर जातो. मग गाल लाकडावर टेकत नाही, मान अधांतरी राहते, आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. माझ्या बघण्यात नेम विखुरण्याचं हे दुर्बिणीइतकंच मोठं कारण आहे. लाकूड तासू नका, वर लाकूड चिकटवूही नका. चामड्याची, दोरीने आवळायची गालपट्टी शिवून घ्या, आत थरांनी उंची वाढवत न्या. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकू द्या आणि डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल दिसलं की उंची बरोबर.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा सांगतो, कारण पसारा मोठा झाला. आधी नळी रिकामी, मग चिकटपट्टीची परीक्षा, मग आकड्याचा सांधा आणि निपल, मग पीप साइट. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. झालं नाही तरच खाचेतला पाया, कमी पॉवरची लांब नजरेची दुर्बीण आणि गालपट्टी.

नेम लावण्याचं वेगळं सांगावं लागतं, कारण बोल्टच्या रायफलीची युक्ती इथे चालत नाही. तिथे बोल्ट काढून नळीतून आरपार निशाण बघतात आणि दुर्बीण त्याला जुळवतात. ठासणीची नळी मागून कायमची बंद. म्हणून अधिकृत रेंजवर २५ मीटरवर भला मोठा कोरा पुठ्ठा लावायचा, मधोमध छोटी काळी खूण, आणि तिथून सुरुवात. पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, म्हणजे अंशाचा साठावा भाग) बटणं असलेल्या दुर्बिणीत २५ मीटरवर एक टिकटिक म्हणजे १.८ मिलिमीटर. गोळी नऊ सेंटीमीटर डावीकडे गेली तर पन्नास टिकटिक उजवीकडे. पण एका गोळीवर बटण फिरवू नका. तीन मारा, त्यांचा मध्य काढा, मग फिरवा. २५ वर बसलं की ५० वर जा.

आणि दर वेळी सगळं एकसारखं हवं. दारू मापाने, गोळी दारूवर पूर्ण टेकलेली, गजावर त्यासाठी खूण केलेली. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते, त्यामुळे ती खूण नेमाइतकीच जिवासाठीही आहे. प्रत्येक गोळीनंतर ओलसर चिंधी एकदा, कोरडी एकदा. स्वच्छ नळीतली पहिली गोळी आणि राखेच्या नळीतली चौथी गोळी एका जागी जात नाहीत. पाचरी किती आत बसतात त्यावरही नळीचा ताण बदलतो, म्हणून त्या दर वेळी त्याच खुणेपर्यंत ठोकायच्या. मी तर म्हणेन, दुर्बीण बसवण्याआधी हीच शिस्त महिनाभर पाळून बघा. तुमचा विखुरलेला नेम यातच बराच गोळा होईल.

आपल्या हवेचाही विचार करा. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर जातो. चिंधीला मेणात जास्त तेल घालून केलेलं वंगण त्या उन्हात वितळतं, दारूत उतरतं आणि मग टोपी उडते पण बार होत नाही. उन्हाळ्यात मेणाचं प्रमाण वाढवा आणि बंदूक भरून उन्हात ठेवू नका. टोपी उडूनही बार झाला नाही तर नळीचं तोंड निशाणाकडेच धरून मिनिटभर तरी थांबा, मगच हात लावा. नेम लावायचं काम सकाळी आठच्या आत उरका. ऊन चढलं की काळ्या मातीवरची हवा लहरायला लागते आणि दुर्बिणीतलं निशाण पाण्यात ठेवल्यासारखं हलतं. त्या वेळी फिरवलेलं बटण दुसऱ्या दिवशी सकाळी चुकीचं ठरतं.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती आणि तिच्यात फेरफार करायला कारागिराकडे स्वतःचा परवाना लागतो. तो नसलेल्या वर्कशॉपवाल्याने नळीला ड्रिल लावणं हा गुन्हा, आणि तुम्ही रायफल त्याच्या ताब्यात सोडून येणं हाही. उद्या परवाना नूतनीकरणाला गेल्यावर नळीवरची नवी भोकं कुणी पाडली याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. दुर्बीण लावायच्या आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारून ठेवा. शहरात पोलीस आयुक्तालय, तुमच्यासारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. अर्जाला पाऊण तास लागतो, पोच जपून ठेवा.

तुम्ही शेवटच्या ओळीत रानडुकरांचं ओझरतं लिहिलंय. नुकसान किती होतं ते मला माहीत आहे, माझीही शेती आहे. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुकरावर गोळी चालवता येत नाही, आणि पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. आपल्या नान्नज-मार्डीच्या माळांवर काळवीट उभ्या पिकात शिरतात, ते पहिल्या अनुसूचीतले आहेत. अंधुक उजेडात दुर्बिणीच्या चिमुकल्या घेरात समोरचं जनावर दिसतं, त्याच्या मागे वस्ती आहे की पाण्यावर आलेला माणूस, ते दिसत नाही. त्या कामासाठी दुर्बीण हवी असेल तर मी ती बसवून देणार नाही. रेंजवर निशाणाला नेम धरायला हवी असेल तर आनंदाने.

चिकटपट्टीची परीक्षा आधी करा आणि काय दिसलं ते लिहा. माझ्याकडे यायचं ठरलं तर परवान्याची मूळ प्रत, रिकामी रायफल, काढलेल्या पाचरी आणि तुमचा लांबचं बघायचा चष्मा एवढं बरोबर आणा. दुर्बीण विकत घेऊन येऊ नका.